ज्युनिअर आर्टिस्ट (महाराष्ट्र)

ज्युनिअर आर्टिस्ट म्हणजे चित्रपट, मालिका किंवा जाहिरातीतील दृश्यात वरातीतील वऱ्हाडी, बाजारातील गिऱ्हाईक, न्यायालयातील श्रोते, सैन्यातील शिपाई अशा रूपात पार्श्वभूमीला दिसणारा, बहुधा संवाद नसलेला आणि दिवसाच्या हिशेबाने मोबदला घेणारा कलाकार होय. बोलीभाषेत त्याला आजही ‘एक्स्ट्रा’ म्हणतात. या शब्दातील ‘उरलेला, जादाचा’ हा अर्थ कलाकारांना कमीपणाचा वाटत असल्याने त्यांच्या संघटनांनी ‘ज्युनिअर आर्टिस्ट’ हे नाव स्वीकारले. अर्थात त्यातील ‘ज्युनिअर’ हा शब्द वयाशी किंवा अनुभवाशी संबंधित नाही. चाळीस वर्षे काम केलेली व्यक्तीही ज्युनिअरच राहते.

या कामाची संधी मुख्यतः दोन मार्गांनी मिळते. मुंबईत ती संघटनेचे ओळखपत्र आणि सप्लायर यांच्यामार्फत मिळते, तर मुंबईबाहेर चित्रीकरण ज्या गावी येते त्या गावातील रहिवाशांना ती थोड्या दिवसांसाठी मिळते. नंदुरबार जिल्ह्यातील कोरीटसारख्या गावातील इच्छुकाच्या दृष्टीने हा फरक महत्त्वाचा आहे, कारण पहिल्या मार्गासाठी गाव सोडावे लागते आणि दुसऱ्यासाठी चित्रपटाने गावाकडे यावे लागते.

इतिहास

भारतीय चित्रपटाच्या आरंभी मुख्य कलाकार मिळणेही कठीण होते, मग गर्दीची गोष्ट दूरच. ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) या चित्रपटासाठी दादासाहेब फाळके यांनी वृत्तपत्रांत जाहिराती दिल्या. स्त्री कलाकार न मिळाल्याने तारामतीची भूमिका मुंबईतील ग्रँट रोडवरच्या एका उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांना देण्यात आली. पुढे फाळके यांनी आपले काम नाशिकला नेले आणि १९१७ चा ‘लंका दहन’ तेथे तयार झाला. त्याच सुमारास कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांची महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली आणि १९२९ मध्ये तेथेच प्रभात फिल्म कंपनीची स्थापना झाली. १९३३ मध्ये प्रभात पुण्याला गेली.

त्या काळातील स्टुडिओंत नट, सुतार, रंगारी असे सर्वजण मासिक पगारावर असत आणि गरज पडेल तेव्हा कोणालाही वेश चढवून गर्दीत उभे केले जाई. स्टुडिओंची ही पद्धत मोडल्यावर मात्र निर्मात्याला प्रत्येक चित्रपटासाठी बाहेरून माणसे आणावी लागू लागली. माणसे पुरवणारा मध्यस्थ, म्हणजेच सप्लायर, याच गरजेतून निर्माण झाला.

गर्दीच्या दृश्याचे सर्वांत मोठे उदाहरण म्हणून रिचर्ड ॲटनबरो यांच्या ‘गांधी’ (१९८२) या चित्रपटाचा उल्लेख केला जातो. महात्मा गांधींच्या अंत्ययात्रेचे दृश्य ३१ जानेवारी १९८१ रोजी दिल्लीत चित्रित झाले व त्यात सुमारे तीन लाख लोक सहभागी झाल्याचे मानले जाते. त्यांतील बहुसंख्य लोक स्वेच्छेने आले होते. संगणकाने गर्दी वाढवता येऊ लागल्यापासून एवढा जमाव गोळा करण्याची आवश्यकता उरलेली नाही.

मुंबईतील व्यवस्था

मुंबईत पुरुषांसाठी ज्युनिअर आर्टिस्ट असोसिएशन आणि स्त्रियांसाठी महिला कलाकार संघ अशा स्वतंत्र संघटना आहेत. दोन्ही फेडरेशन ऑफ वेस्टर्न इंडिया सिने एम्प्लॉइज या महासंघाशी (स्थापना १९५६) संलग्न आहेत. संवाद असलेल्या भूमिका करणाऱ्या नटांची सिने अँड टीव्ही आर्टिस्ट्स असोसिएशन ही संघटना वेगळी आहे. नवख्या इच्छुकांचा येथे अनेकदा गोंधळ होतो.

निर्मितीसंस्था सप्लायरला ‘उद्या सकाळी सात वाजता, चाळीस माणसे, लग्नाचा प्रसंग’ अशा स्वरूपाची मागणी कळवते आणि सप्लायर आपल्या यादीतील माणसांना बोलावतो. दिसणे, उंची, कपडे आणि वय यांवरून कलाकारांची वर्गवारी होते व तिच्यानुसार मोबदला बदलतो. श्रीमंत पार्टीच्या दृश्यात उभे राहण्यासाठी स्वतःचा सूट असलेला माणूस आणि बाजारातील हमालाचे काम करणारा माणूस यांना एकाच दिवसाचे वेगवेगळे पैसे मिळतात. सप्लायर आपले कमिशन घेतो. त्याची मर्जी गेली तर फोन येणे थांबते, हे या व्यवसायातील उघड सत्य आहे.

या उपजीविकेचा ठिसूळपणा २०२० मध्ये सर्वांसमोर आला. कोविडच्या टाळेबंदीनंतर चित्रीकरण पुन्हा सुरू करताना राज्य शासनाने ६५ वर्षांवरील व्यक्तींना सेटवर मनाई केली होती. चार दशके किरकोळ भूमिका करणाऱ्या सत्तर वर्षांच्या एका कलाकाराने उपजीविकेचे अन्य साधन नसल्याचे सांगत मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. ऑगस्ट २०२० मध्ये न्यायालयाने ही अट रद्द ठरवली.

बाहेरगावचे चित्रीकरण

सातारा जिल्ह्यातील वाई व मेणवली परिसर हे मुंबईबाहेरच्या चित्रीकरणाचे ठळक उदाहरण आहे. ‘गंगाजल’ (२००३) आणि ‘स्वदेस’ (२००४) यांसह अनेक हिंदी चित्रपटांत या भागातील घाट, वाडे आणि माणसे उत्तर भारतातील गाव म्हणून दिसली आहेत. अशा ठिकाणी मुंबईहून पूर्ण गर्दी आणणे महाग पडते, कारण प्रवास आणि मुक्काम दोन्हींचा खर्च येतो. शिवाय शेतात राबलेले चेहरे आणि अंगवळणी पडलेली चाल रंगभूषेने साधत नाही. म्हणून निर्मितीसंस्था स्थानिक समन्वयक नेमते. हा बहुधा हौशी नाटक मंडळातील कार्यकर्ता, लॉजचा मालक, छायाचित्रकार किंवा गावातील चार घरांत ऊठबस असलेला माणूस असतो. गावोगावी चालणारी नोंदणी त्याच्या वहीत किंवा मोबाइलमध्ये होते, त्यामुळे तो कोण आहे हे वेळेवर कळणे हीच स्थानिक इच्छुकाची खरी अडचण ठरते.

चित्रीकरण येणार असल्याची चाहूल काही महिने आधी लागू शकते. जागा पाहण्यासाठी कला दिग्दर्शक आणि निर्मिती व्यवस्थापक येऊन जातात, त्यानंतर ग्रामपंचायत, पोलीस ठाणे किंवा जागेची मालकी असलेल्या खात्याकडे परवानगीचा अर्ज येतो. त्यामुळे ग्रामपंचायत कार्यालय आणि गावातील लॉज ही माहितीची विश्वासार्ह ठिकाणे ठरतात.

क्वचित गर्दीपुरता शोध मुख्य भूमिकेपर्यंतही जातो. नागराज मंजुळे यांनी ‘फँड्री’साठी सोलापूर जिल्ह्यातील करमाळा तालुक्यातल्या केम गावचा सोमनाथ अवघडे हा हलगी वाजवणारा मुलगा निवडला. त्याला उत्कृष्ट बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. हे उदाहरण प्रेरक म्हणून वारंवार सांगितले जाते, मात्र तो अपवाद आहे. गर्दीत उभे राहिलेल्या बहुतेकांचा चेहरा पडद्यावर दोन सेकंदही टिकत नाही.

खानदेश आणि मालेगाव

कोल्हापूर किंवा वाईसारखी चित्रीकरणाची परंपरा नंदुरबार जिल्ह्याला लाभलेली नाही. खानदेशाला लागून असलेल्या मालेगावात (नाशिक जिल्हा) मात्र स्थानिकांनीच स्थानिकांसाठी चित्रपट तयार करण्याची वेगळी प्रथा रुजली. यंत्रमागांच्या या शहरात व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी २००० च्या सुमारास ‘मालेगाव के शोले’ हा विडंबनपट अंदाजे पन्नास हजार रुपयांत तयार केला. डाकूंना घोड्यांऐवजी सायकली देण्यात आल्या. सायकल ट्रॉलीच्या आणि बैलगाडी क्रेनच्या जागी वापरण्याची युक्तीही याच शहरातील. यातील कलाकार यंत्रमाग कामगार आणि लहान दुकानदार होते. येथे नायक आणि एक्स्ट्रा हा भेद फारसा नव्हता, कारण दोघांनाही पैसे मिळत नव्हते किंवा नाममात्र मिळत.

फैझा अहमद खान यांच्या ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ या माहितीपटामुळे ही चळवळ देशाबाहेर पोहोचली. रीमा कागती यांचा ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ हा चित्रपट फेब्रुवारी २०२५ मध्ये प्रदर्शित झाला.

आता खानदेशातील नवख्यांना पहिला कॅमेरा बहुधा यूट्यूबसाठीच्या चित्रीकरणात दिसतो. मालेगावच्या ‘छोटू दादा’ या विनोदी चित्रफिती आणि अहिराणी गाण्यांच्या ध्वनिचित्रफिती यांचा प्रेक्षकवर्ग फार मोठा आहे. हळद, वरात, शेत, बाजार अशा दृश्यांसाठी त्यांना गावातीलच माणसे लागतात. मोबदला थोडा किंवा केवळ चहा-जेवणापुरता असला तरी कॅमेऱ्यासमोर वावरण्याची सवय येथे होते व पुढे दाखवता येईल असे चित्रण हाताशी राहते.

मुंबईचा मार्ग धरणाऱ्यांसाठी नंदुरबार हे सुरत–भुसावळ लोहमार्गावरील स्थानक असून सुरतमार्गे मुंबई गाठता येते. परंतु रात्रभराचा प्रवास करून एका दिवसाचे काम करणे हिशेबात बसत नाही. मुंबईत राहण्याची सोय असल्याखेरीज हा मार्ग व्यवहार्य ठरत नाही.

नोंदणी आणि सेटवरील काम

स्थानिक समन्वयकाकडे नोंदणी करताना साधी छायाचित्रे पुरतात. समोरून, बाजूने आणि पूर्ण उंचीचे अशी तीन छायाचित्रे दिवसाच्या उजेडात, गॉगल व फिल्टर न वापरता काढलेली असावीत. सोबत वय, उंची, येणाऱ्या भाषा आणि अंगची कौशल्ये लिहिली जातात. नंदुरबारच्या इच्छुकाकडे येथे सांगण्यासारखे पुष्कळ असते. अहिराणी, गुजर, भिलोरी किंवा पावरी बोली, बैलगाडी हाकणे, ढोल किंवा पावरी वाजवणे, आणि सारंगखेड्याच्या घोडेबाजारामुळे परिचित झालेली घोड्यांची हाताळणी यांना ग्रामीण चित्रपटात मागणी असते. स्टुडिओत काढलेल्या महागड्या फोटो अल्बमला या कामात काही अर्थ नाही.

सेटवरील काम बव्हंशी थांबण्याचे असते. सकाळी बोलावलेल्या माणसाचा प्रसंग दुपारनंतर येणे नेहमीचे आहे. दृश्यात चौकटीच्या एका बाजूकडून दुसरीकडे चालत जाण्याला ‘पासिंग’ म्हणतात. दिग्दर्शकाचा सहायक सांगेल त्याच क्षणी आणि प्रत्येक टेकला त्याच गतीने हे करावे लागते. कॅमेऱ्याकडे पाहणे हा मोठा दोष समजला जातो. प्रत्यक्ष ध्वनी घेतला जात असल्यास गर्दीतील लोक केवळ ओठ हलवून बोलण्याचा आविर्भाव करतात. प्रसंग दुसऱ्या दिवशी पुढे चालणार असेल तर तेच कपडे घालून आणि दाढी-केस न बदलता यावे लागते.

मोबदला आणि कायदा

काम सुरू होण्यापूर्वी पाच गोष्टी ठरवून घेणे हिताचे असते: दिवसाची रक्कम, पाळीचे तास, जादा वेळेचे पैसे, जेवण व प्रवास, आणि पैसे कोणाकडून व केव्हा मिळणार. स्थानिक चित्रीकरणातील बहुतेक तक्रारी शेवटच्या मुद्द्यावरून होतात. युनिट गाव सोडून गेल्यावर समन्वयक निर्मात्याकडे आणि निर्माता समन्वयकाकडे बोट दाखवतो.

चित्रपट कामगारांसाठी १९८१ मध्ये संसदेने केलेल्या कायद्यानुसार लेखी करार आवश्यक होता, तसेच मध्यस्थामार्फत नेमणूक असल्यास निर्माता आणि मध्यस्थ दोघांनाही करारात बांधले होते. पुढे ही तरतूद २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत सामावून घेण्यात आली. प्रत्यक्षात एका दिवसासाठी आलेल्या गावकऱ्याच्या हाती करार क्वचितच पडतो. अशा वेळी दर, तारीख आणि निर्मितीसंस्थेचे नाव असलेला मोबाइलवरील संदेशही पुराव्यादाखल उपयोगी पडतो.

मुलांबाबतचे नियम अधिक काटेकोर आहेत. बालकामगार कायद्याखालील २०१७ च्या सुधारित नियमांनुसार मुलाला दिवसात पाच तासांहून अधिक आणि विश्रांतीशिवाय तीन तासांहून अधिक काम देता येत नाही. सलग २७ दिवसांहून अधिक काळ काम करवून घेण्यासही मनाई आहे. निर्मात्याला जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी लागते आणि मुलाच्या उत्पन्नातील किमान २० टक्के रक्कम राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावे मुदत ठेवीत ठेवावी लागते. गावातील शाळेच्या वर्गात होणाऱ्या चित्रीकरणालाही हे नियम लागू होतात, याची कल्पना पालकांना व मुख्याध्यापकांना बहुधा नसते.

फसवणूक

नोंदणी शुल्क, ओळखपत्र शुल्क, ‘पोर्टफोलिओ’चे पैसे किंवा ऑडिशनची अनामत अशा नावांनी रक्कम मागणे हा फसवणुकीचा सर्वाधिक आढळणारा प्रकार आहे. गर्दीतील कामासाठी स्वतंत्र ऑडिशन सहसा होतच नाही. संघटनेचे सदस्यत्व शुल्क हा वेगळा विषय असून ते संघटनेच्या कार्यालयात पावती घेऊन भरले जाते, एखाद्या व्यक्तीच्या मोबाइल क्रमांकावर नाही. तरुणींना एकटीने हॉटेलच्या खोलीत ‘लूक टेस्ट’साठी बोलावणे ही गर्दीच्या कामातील पद्धत नव्हे. कपड्यांची निवड सेटवर वेशभूषा विभाग करतो. ऑनलाइन पैसे गेले असल्यास १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर तत्काळ तक्रार केल्यास रक्कम गोठवली जाण्याची शक्यता अधिक असते.