परदेशातील नोकरी आणि व्हिसा : पालकांनी समजून घ्यावे असे काही



काही दिवसांपूर्वी आपल्या शाळेच्या एका माजी विद्यार्थ्याचे वडील कार्यालयात आले होते. मुलगा पॉवरलूमवर फिटरचे काम करतो आणि त्याला आखातात नोकरी मिळते आहे, असे ते आनंदाने सांगत होते. मी विचारले, "भाऊ, मार्कशीटची नक्कल हवी आहे का?" ते म्हणाले, "नको सर. एजंट म्हणतो, कागदपत्रांची गरजच नाही. टूरिस्ट व्हिसावर जायचे, तिकडे गेल्यावर बदलून घेऊ."

त्याच आठवड्यात दुसऱ्या एका घरी वेगळीच चिंता दिसली. मुलगी पुण्याला इंजिनिअर झालेली आणि कंपनी तिला अमेरिकेला पाठवणार होती. एवढ्यात बातमी आली की व्हिसाची फी एक लाख डॉलर झाली. घरचे विचारू लागले, एवढे पैसे भरायचे कोणी?

दोन्ही घरे आपलीच आहेत. दोन्हीकडे अर्धवट माहितीवर मोठे निर्णय होत होते. म्हणून या अंकात हा विषय जरा सविस्तर मांडतो आहे.

अमेरिकेचा एच-१बी व्हिसा म्हणजे काय?

पदवी लागणाऱ्या विशेष कामासाठी परदेशी माणूस तात्पुरता नेमण्याचा हा परवाना. आजच्या स्वरूपात तो अमेरिकेच्या १९९० च्या कायद्याने आला. वर्षाला ६५,००० आणि अमेरिकेतील विद्यापीठातून मास्टर्स केलेल्यांसाठी आणखी २०,००० अशी मर्यादा आहे. अर्ज त्याहून कितीतरी जास्त येतात, म्हणून सोडत काढतात. एच-१बी मंजूर होणाऱ्यांत ७० टक्क्यांच्या आसपास भारतीय असतात. त्यामुळे तिकडे नियम बदलला की पुण्या-नाशिकपासून आपल्या बुऱ्हाणपूरपर्यंत फोन वाजू लागतात.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. या व्हिसासाठी मूळ अर्ज कंपनी करते, उमेदवार करत नाही. अर्जाचा मुख्य खर्चही कायद्याने कंपनीवरच असतो. "पंधरा लाख द्या, एच-१बी करून देतो" असे कोणी म्हणाले तर तिथेच हात जोडून निरोप द्यावा.

२०२५ मध्ये काय बदलले?

पहिला बदल फीचा. १९ सप्टेंबर २०२५ रोजी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी आदेश काढला आणि २१ सप्टेंबरपासून नव्या एच-१बी अर्जाबरोबर कंपनीने एक लाख डॉलर भरावे, असे ठरले. त्या वेळच्या दराने हे सुमारे ८८ लाख रुपये होतात. आदेशाची मुदत सुरुवातीला १२ महिन्यांची ठेवली होती. पहिल्या दोन दिवसांत फार घबराट झाली, सुट्टीवर आलेली मुले मिळेल त्या विमानाने परत निघाली. नंतर खुलासा झाला की ज्यांच्याकडे आधीच व्हिसा आहे त्यांना ही रक्कम लागू नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये आणखी स्पष्ट करण्यात आले की अमेरिकेतच शिकत असलेल्या विद्यार्थ्याने तिथेच राहून एच-१बी मध्ये बदल मागितला, तर त्यालाही ती लागू नाही. मात्र बदल मंजूर होण्याआधी तो देशाबाहेर गेला, तर ही सवलत हातची जाऊ शकते. भारतातून थेट नव्याने जाणाऱ्यांवर मात्र पूर्ण भार आला. एका माणसामागे एवढी रक्कम कोणती कंपनी घालील, हा प्रश्न आपणच स्वतःला विचारावा.

दुसरा बदल सोडतीचा. पूर्वी प्रत्येक नावाला सारखी संधी असे. डिसेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणि २७ फेब्रुवारी २०२६ पासून लागू झालेल्या नियमाने पगाराच्या चार पायऱ्या धरल्या. सर्वांत वरच्या पायरीवरच्या उमेदवाराचे नाव सोडतीत चार वेळा घालायचे, सर्वांत खालच्याचे एकदा. नुकती पदवी घेतलेला मुलगा बहुधा खालच्या पायरीवर असतो. म्हणजे नवशिक्याची संधी कमी झाली आणि अनुभवी माणसाची वाढली.

तिसरा बदल मुलाखतीचा. २ सप्टेंबर २०२५ पासून मुलाखतीतून मिळणारी सूट बरीच कमी झाली. पूर्वी नूतनीकरणासाठी अनेकांना कागद नुसते पेटीत टाकता येत, आता बहुतेकांना समक्ष जावे लागते. व्हिसा आपल्या देशातूनच किंवा आपण राहतो त्या देशातूनच घ्यावा, असाही नियम त्याच महिन्यात आला. त्यामुळे शेजारच्या एखाद्या देशात जाऊन लवकर तारीख मिळवण्याची वाट बंद झाली. १५ डिसेंबर २०२५ पासून एच-१बी आणि त्यांच्या कुटुंबीयांच्या एच-४ अर्जदारांची समाजमाध्यमांवरील खातीही तपासली जाऊ लागली. या कामामुळे भारतातील डिसेंबरच्या अनेक मुलाखती रद्द होऊन थेट मार्च २०२६ आणि त्यापुढे गेल्या. लग्नासाठी पंधरा दिवस आलेली माणसे महिनोन् महिने इथेच अडकली, तिकडे घरभाडे चालूच. म्हणून परतीचा व्हिसा हातात असल्याशिवाय मुला-मुलींना सणासाठी येण्याचा आग्रह करू नये, एवढे आपण घरच्यांनी नक्कीच करू शकतो.

ग्रीन कार्डाची रांग

एच-१बी हा तात्पुरता परवाना, साधारण सहा वर्षांचा. कायमच्या वास्तव्यासाठी ग्रीन कार्ड लागते. नोकरीच्या आधारावर वर्षाला सुमारे १,४०,००० ग्रीन कार्डे मिळतात आणि साधारणपणे कोणत्याही एका देशाला ७ टक्क्यांहून जास्त देत नाहीत. देश लहान असो की भारतासारखा, हिस्सा तेवढाच. परिणाम असा की डिसेंबर २०२५ मध्ये पदवीधर भारतीयांच्या दोन मुख्य गटांत २०१३ सालच्या अर्जांचा नंबर चालू होता. रांगेत असताना एच-१बी वाढवून मिळतो, त्यामुळे माणूस तिथे राहू शकतो. पण रांगेतल्या कुटुंबाचे मूल २१ वर्षांचे झाले की ते सामान्यतः आईवडिलांच्या अर्जातून बाहेर पडते. दोन वर्षांचे असताना गेलेले मूल तिथेच शिकते, मोठे होते आणि एकविसाव्या वर्षी त्याला स्वतःचा वेगळा व्हिसा शोधावा लागतो. परदेशातील अनेक मराठी घरांत आज हाच घोर आहे.

आखातात जाणाऱ्यांसाठी : दहावीचे महत्त्व

आता त्या फिटर मुलाकडे वळू. आपल्या देशाचा १९८३ चा उत्प्रवासन कायदा आहे. त्यानुसार दहावी पास नसलेल्या माणसाच्या पासपोर्टवर साधारणपणे ईसीआर असा शिक्का असतो. म्हणजे सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती, कतार, कुवेत, ओमान, बहारीन, मलेशिया अशा एकूण १८ देशांत नोकरीसाठी जाताना सरकारची मंजुरी घ्यावी लागते. दहावी पास झालेल्याला ती लागत नाही. शाळा सोडण्याच्या वयात मुलांना हे कोणी सांगत नाही. दहावीत राहिलेल्या मुलांनी मुक्त विद्यालयातून का होईना, ती परीक्षा काढावी, असे मी कळकळीने सांगतो ते यासाठीही.

ही मंजुरी म्हणजे जाच आहे, असे एजंट सांगतात. वास्तविक ती कामगाराची ढाल आहे. मंजुरी घेऊन जाणाऱ्याचा पगार, काम आणि मालकाचे नाव ई-मायग्रेट या सरकारी व्यवस्थेत नोंदले जाते. त्याला प्रवासी भारतीय विमा घ्यावा लागतो. दोन वर्षांसाठी २७५ रुपये किंवा तीन वर्षांसाठी ३७५ रुपये एवढाच हप्ता आणि अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यास १० लाखांचे संरक्षण. टूरिस्ट व्हिसावर गेलेल्याला यातले काहीच नाही. त्याचा करार कुठे नोंदलेला नसतो. तिथे काम करणे हाच गुन्हा ठरतो, मग पगार बुडाला तर तक्रार तरी कोणत्या तोंडाने करणार?

एजंटाबद्दलही कायदा स्पष्ट आहे. परदेशी नोकरीसाठी माणसे भरणाऱ्याकडे केंद्र सरकारचा परवाना हवा. तो उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावरील जीएसटी घेऊ शकतो, आणि त्याची पावती द्यावी लागते. परवाना क्रमांक ई-मायग्रेटच्या यादीत कोणालाही तपासता येतो. हा जुना कायदा बदलण्यासाठी ऑक्टोबर २०२५ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने नव्या विधेयकाचा मसुदा लोकांच्या सूचनांसाठी प्रसिद्ध केला होता, याचीही नोंद असावी.

दुसऱ्या वाटा

एक दार अरुंद झाले की माणसे दुसरे पाहतात. जर्मनीने २०२४ मध्ये भारतीय कुशल कामगारांसाठी व्हिसाची वार्षिक संख्या २०,००० वरून ९०,००० करण्याचे जाहीर केले. तिथे जर्मन भाषा आणि आपल्या शिक्षणाला तिथली मान्यता या दोन गोष्टी फार महत्त्वाच्या. उलट ब्रिटनने २२ जुलै २०२५ पासून परदेशातून वृद्धसेवेसाठी माणसे घेणे बंद केले आणि कुशल कामगाराच्या पगाराची सर्वसाधारण मर्यादा वर्षाला ४१,७०० पौंड केली. तरीही वृद्धसेवेच्या व्हिसाचे आमिष कोणी दाखवत असेल, तर सावध व्हावे.

घरी आजच करता येण्यासारखे

१. मार्कशीट, आधार आणि पासपोर्ट यांवरील नाव व जन्मतारीख एकच आहे का ते पाहावे. आपल्याकडे ही चूक फार होते. भोपाळ मंडळाच्या कागदावर नाव आणि आडनाव, तर जळगावकडच्या कागदावर आधी आडनाव आणि मध्ये वडिलांचे नाव. मुलगा नववीत असतानाच दुरुस्ती सोपी जाते.

२. मूळ कागद आणि पासपोर्ट एजंटाच्या ताब्यात ठेवू नये.

३. कराराची प्रत निघण्याआधी हातात घ्यावी आणि समजत नसेल तर कोणाकडून वाचून घ्यावी.

४. अमेरिकेत शिक्षणासाठी शेत किंवा घर गहाण ठेवण्याआधी हिशेब मांडावा. शिक्षणानंतर एक वर्ष, आणि विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदवीला आणखी दोन वर्षे काम करण्याची परवानगी असते. हा नियम तेव्हा तसाच आहे का ते पाहावे. सोडतीत नाव आलेच नाही, तर तेवढ्या काळात कर्ज फिटेल का?

५. नियम वारंवार बदलतात. शेवटचा निर्णय सरकारी संकेतस्थळ पाहूनच घ्यावा, ऐकीव माहितीवर नको. मध्य प्रदेश हा अमेरिकेच्या मुंबई येथील वाणिज्य दूतावासाच्या क्षेत्रात येतो.

त्या वडिलांना मी एवढेच सांगितले की एजंटाकडे परवाना क्रमांक मागा. ते दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. क्रमांक मिळाला नव्हता, एजंटाने फोन उचलणे बंद केले होते. भरलेले दहा हजार गेले, पण मुलगा घरीच होता. जाताना त्यांनी मार्कशीटच्या नकलेचा अर्ज भरून दिला. मुलगा दहावी पास आहे, हे त्या दिवशी पहिल्यांदा त्यांच्या उपयोगी पडले.

मुलांनी दूर जावे, नाव काढावे, ही आपली सर्वांचीच इच्छा आहे. फक्त ज्या दाराने जायचे ते सरळ असावे, म्हणजे त्याच दाराने परतही येता येते.