सीमेचा दगड आणि लेखी उरलेले युद्ध

‘युद्ध का झाले?’ या प्रश्नाचे उत्तर आपण बहुधा राजाच्या महत्त्वाकांक्षेत शोधतो. मी विद्यार्थ्यांपुढे सुमेरमधील लगाश आणि उम्मा या नगरराज्यांचे भांडण ठेवतो. कारण, करार, करारभंग आणि दोषारोप या साऱ्या पायऱ्या लेखी सापडाव्यात, अशा सर्वांत जुन्या संघर्षांपैकी हा एक आहे.

आजच्या दक्षिण इराकमध्ये पाऊस अत्यल्प; शेती नद्यांवरून काढलेल्या पाटांवर अवलंबून. पाट खणायचे, गाळ उपसायचा, तर माणसे एकत्र आणावी लागतात आणि धान्याचा हिशेब ठेवावा लागतो. उरुक येथे इ.स.पू. ३२००च्या सुमारास लेखन सुरू झाले, ते प्रामुख्याने अशा नोंदींसाठीच. ज्या पाण्याने नगरे वसवली, त्याच पाण्याने त्यांना शेजाऱ्याशी झगडायलाही लावले.

लगाश-उम्मा यांच्यामध्ये गुएदेन्ना हा सुपीक पट्टा होता. किशचा राजा मेसिलिम याने मध्यस्थी करून हद्द आखली व तेथे शिळा उभारली. उम्माचा शासक उश याने ती उखडली. इ.स.पू. २४५०च्या सुमारास लगाशच्या एआन्नातुमने उम्माचा पराभव करून शिळा पुन्हा बसवली आणि हद्दीवर कालवा खणला. मृतांचे लचके तोडणारी गिधाडे कोरलेल्या त्याच्या विजयशिळेचे तुकडे पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहेत.

तह टिकला नाही. उम्माने लगाशला द्यायचे सातू हे कर्ज ठरले, त्यावर व्याज चढत गेले आणि ते फेडण्यापलीकडे गेले. उम्माने कालव्याचे पाणी वळवले. एआन्नातुमचा पुतण्या एनमेतेना याच्या काळात पुन्हा लढाई झाली.

ही हकीकत एनमेतेनाच्या मातीच्या शंकूवर कोरलेली आहे. तिच्या आरंभी माणसे नाहीत. देवांचा पिता एनलिल याने निंगिर्सू आणि शारा या दोन देवांमधील हद्द आखली, असे पहिलेच विधान आहे. त्यामुळे पाण्याचा तंटा एकदम देवाज्ञेचा भंग ठरतो. भाषा येथे केवळ नोंद ठेवत नाही. ती बाजू मांडते.

शिवाय ही बाजू लगाशची आहे. उम्माची कैफियत आपल्याला जवळजवळ ऐकूच येत नाही. पुढे उम्माच्या लुगालझागेसीने लगाश लुटले आणि थोड्याच वर्षांत अक्कडच्या सारगोनने त्याचाही पाडाव केला.

म्हणून युद्धाचे मूळ शोधताना मी विद्यार्थ्यांना तीन प्रश्न विचारायला सांगतो: पाणी आणि जमीन कोणाच्या हाती होती, येणे कोणाचे थकले होते, आणि आपल्यापर्यंत आलेला मजकूर कोणी लिहिला?