विंचवाचे बिऱ्हाड, कासवीची नजर

सतत घर बदलावे लागणाऱ्या माणसाबद्दल आपण म्हणतो, 'विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर'. विंचवाच्या मादीच्या बाबतीत हे अक्षरशः खरे आहे. ती अंडी घालत नाही, पिल्लांनाच जन्म देते. पांढुरकी, मऊ अंगाची ही पिल्ले लगेच आईच्या पाठीवर चढतात आणि पहिली कात टाकेपर्यंत तेथेच राहतात. तोवर ती स्वतःच्या शरीरात साठलेल्या अन्नावर जगतात. ती आईलाच खाऊन वाढतात, ही समजूत चुकीची आहे.

कासवीबद्दलची समजूत नेमकी उलट आहे. ती नुसत्या नजरेने पिल्लांना पोसते, असा दृष्टान्त संतसाहित्यात येतो. प्रत्यक्षात काय घडते? कोकणच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले जातीची मादी रात्री वाळूवर येते. सुमारे दीड फूट खोल खड्डा करून त्यात शंभराच्या आसपास अंडी घालते, खड्डा बुजवते आणि समुद्रात परतते. पुन्हा ती तिकडे फिरकत नाही. वाळूच्या उबेने ४५ ते ६० दिवसांत पिल्ले बाहेर येतात व एकटीच समुद्राकडे धावतात.

"मग कासवी वाईट आई का?" असा प्रश्न वर्गात हमखास येतो. त्याचे उत्तर देण्यापूर्वी सह्याद्रीतील महाधनेशाकडे पाहू. मादी जुन्या झाडाच्या ढोलीत शिरते आणि विष्ठा व चिखलाने ढोलीचे तोंड लिंपून घेते. उरते ती फक्त चोच बाहेर येईल एवढी फट. आत तिची उडण्याची पिसे गळतात. अंडी एक किंवा दोनच. कित्येक आठवडे नर वड-उंबराची फळे आणून फटीतून भरवतो. एवढ्या कष्टांनंतर बहुधा एकच पिल्लू मोठे होते.

आता हिशेब करू. कोणत्याही जातीची संख्या टिकायची, तर एका जोडीची आयुष्यभरात सरासरी दोन पिल्ले मोठी होऊन प्रजननक्षम व्हावी लागतात. अन्न आणि शक्ती मर्यादित असते. ती कासवी भरपूर अंड्यांवर खर्च करते, धनेश एका पिल्लाच्या संगोपनावर. येथे चांगली आई, वाईट आई असा भेद नाही. एकाच प्रश्नाची ही दोन उत्तरे आहेत.

हा फरक संरक्षण करतानाही लक्षात घ्यावा लागतो. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास येथे २००२ पासून सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने ग्रामस्थांच्या मदतीने कासवांच्या अंड्यांचे रक्षण सुरू केले. अंडी कुंपणात हलवायची, पिल्ले निघाली की समुद्रात सोडायची. आई तेथे नसतेच, म्हणून राखणदारी माणसाला करता येते. धनेशाच्या बाबतीत हे शक्य नाही. बाहेर नर मारला गेला, तर ढोलीतील सारे कुटुंब संकटात येते. धनेश स्वतः ढोली कोरू शकत नाही. म्हणून जुने झाड तोडले, की पुढच्या अनेक वर्षांचे घर जाते. कासवाची अंडी राखून काही अंशी भागते; धनेशाचे पिल्लू वाचवायचे, तर त्याचा बाप आणि ते जुने झाड, दोन्ही वाचवावे लागतात.