मग आपलं काय असतं?

दिवाळी जवळ आली, की वसाहतीत घराघरांवर आकाशकंदील चढतात, तळणाचा वास जिन्यातून वर येतो आणि आपल्या समाजातील लहान मुले शेजारच्या दारात घुटमळू लागतात. आमचा मुलगा पाच वर्षांचा असताना असाच फुलबाजीकडे पाहत उभा होता. आम्ही त्याला हाताला धरून आत आणले, समोर बसवले आणि समजावून सांगितले, की आपण बौद्ध आहोत. आपण दिवाळी करत नाही, गणपती बसवत नाही, होळी पेटवत नाही. सगळे ऐकून घेऊन तो म्हणाला, "मग आपलं काय असतं?"

आम्ही दोघे एकमेकांकडे पाहत राहिलो. प. पू. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात दिलेल्या बावीस प्रतिज्ञा आम्हाला पाठ होत्या. पण मुलाला आम्ही त्यांतल्या सुरुवातीच्याच ऐकवल्या होत्या. काय मानणार नाही, काय करणार नाही, एवढेच. पुढे समतेची प्रतिज्ञा आहे, अष्टांगिक मार्गाची आहे, प्राणिमात्रांवरील दयेची आहे. तिथपर्यंत आम्ही पोचलोच नव्हतो. सोडलेल्या सणाची जागा मुलाच्या वर्षात रिकामी राहते आणि भाषणाने ती भरत नाही. लहान मुलाला हाताने करायला काहीतरी लागते, खायला लागते, आणि ते दरवर्षी तसेच परत यावे लागते.

काही घरे दिवाळीतच दीपदानोत्सव म्हणून दिवे लावतात. त्याच्या इतिहासाबद्दल आपल्यात मतभेद आहेत; त्या वादात येथे शिरत नाही. आम्ही मात्र कंदिलाची हौस बुद्धपौर्णिमेला नेली. श्रीलंकेत वैशाख पौर्णिमेला घरोघरी कागदी कंदील लावतात, रस्त्यावर येणाऱ्या-जाणाऱ्याला फुकट जेवू घालतात. म्हणजे कंदील काही कोणा एकाचा नव्हे. बांबूच्या कामट्या, पातळ रंगीत कागद आणि कणकेची खळ एवढ्यात काम होते. निळा, पिवळा, लाल, पांढरा, केशरी हे पंचशील ध्वजाचे रंग मुलेच क्रमाने लावतात. हा ध्वजही १८८५ साली कोलंबोत तयार झाला. परंपरा कधीतरी कोणीतरी सुरू केलेली असते, हे मुलांना सांगायला याहून सोपे उदाहरण आम्हाला सापडले नाही. पहिल्या वर्षीचा आमचा कंदील वाकडा झाला होता आणि रात्री वाऱ्याने फाटला. मुले रडली, दुसऱ्या वर्षी कामट्या दुप्पट घेतल्या.

त्याच दिवशी खीर. सुजाताने सिद्धार्थाला खीर दिली, ती कथा खीर आटत असताना चुलीपाशीच सांगावी. उपाशी, हाडांचा सापळा झालेल्या माणसाला एक बाई जेवू घालते, हे चार वर्षांच्या मुलालाही कळते. पहिली वाटी घरात न ठेवता मुलांच्या हाताने शेजारी द्यावी. आमच्याकडे त्याचा परिणाम असा झाला, की दिवाळीचा फराळ देणाऱ्या शेजीबाई आता वैशाखात विचारतात, "खीर कधी?"

आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावास. बऱ्याच घरांत आणि विहारांत या काळात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते. मोठ्यांसाठी ते योग्यच. पण लहानग्यांना तासभर मांडी घालून बसवले, की त्यांच्या मनात ग्रंथाविषयी कंटाळा तेवढा बसतो. आम्ही रोज दहा मिनिटे एक प्रसंग सांगतो. हंस मारणाऱ्याचा की वाचवणाऱ्याचा, या प्रसंगावर आमच्या घरी दोन संध्याकाळी भांडण चालले. पाऊस असतो, म्हणून पिंपळाची पाने आणून पाण्यात कुजत घालतो. काही आठवड्यांनी हिरवा भाग सुटतो, जाळी उरते आणि ती त्या वर्षीच्या पुस्तकात जाते.

पुस्तकाचे असे, की दीक्षाभूमीवर आणि चैत्यभूमीवर आपले लोक पुस्तके विकत घेतात. ही प्रथा आपल्या समाजानेच घडवली. तीच घरात आणावी. ६ डिसेंबर हा सण नव्हे. त्या दिवशी साधे जेवण, मेणबत्ती आणि प्रत्येक मुलाला एक पुस्तक, पहिल्या पानावर तारीख घालून. ७ नोव्हेंबर १९०० रोजी लहानगा भिवा साताऱ्याच्या शाळेत दाखल झाला. तो दिवस राज्यात २०१७ पासून विद्यार्थी दिन म्हणून पाळतात. त्या दिवशी मुलांनी आपली जुनी पण चांगली पुस्तके दुसऱ्याला द्यावीत. द्यायला जीव होत नाही, हा अनुभव सांगून ठेवतो.

जयंतीबद्दल एकच बोलतो. तीन वर्षांचे मूल खांद्यावर घेऊन डीजेच्या भिंतीसमोर उभे राहणे म्हणजे जयंती दाखवणे नव्हे. सकाळी पांढरे कपडे घालून पुतळ्यापाशी जावे, त्रिसरण-पंचशील म्हणावे, मुलाने स्वतः फूल वाहावे.

राहिला धम्मचक्र प्रवर्तन दिन. काही जण तो १४ ऑक्टोबरला पाळतात, काही अशोक विजयादशमीला. आम्ही विजयादशमी धरतो, कारण सुट्टी असते आणि मुलांची आजी आमच्याकडे येते. आजी त्या वेळी नऊ वर्षांची होती, वडिलांबरोबर आगगाडीने नागपूरला गेली होती. भाड्यासाठी आणि पांढऱ्या कापडासाठी वडिलांनी बकरी विकली होती. त्या दिवशी जेवण झाले, की मुले तिच्याभोवती बसतात आणि दरवर्षी तेच प्रश्न त्याच क्रमाने विचारतात. कपडे कोणी शिवले? गर्दीत चप्पल कुठे हरवली? एकच की दोन्ही? गेल्या वर्षी आजी म्हणाली, "बाबांनी दोन बकऱ्या विकल्या." धाकटीने लगेच तिला थांबवले. "नाही आजी, एकच. दुसरी गाभण होती, म्हणून ठेवली."