शब्दाची पत

मराठी राज्य आणि लुथरन मंडळी यांची गाठ पडली तंजावरात. तिथं ख्रिस्तियन फ्रेडरिक श्वार्ट्झ हा जर्मन पाद्री होता. १७८० नंतर हैदर अलीच्या स्वारीत किल्ल्यातलं धान्य संपलं. बाहेर गावांत धान्य होतं, पण ते आणायला लोक बैल देईनात. आधीचे पैसे बुडालेले ना! तुळजाराजांच्या शब्दावर कोणी हलेना. श्वार्ट्झनं सांगितलं, पैसे मी माझ्या हातानं देतो. दोन दिवसांत हजारावर बैल आले. स्वस्ताईत घेऊन ठेवलेला तांदूळही त्यानं भुकेल्यांना वाटला, ख्रिस्ती असोत वा हिंदू. पुढं तो सरफोजी राजांचा गुरू झाला. १७९८ मध्ये वारला. राजांनी फ्लॅक्समनकडून संगमरवरी स्मारक करवून घेतलं. त्यात ते स्वतः मरणशय्येवरच्या श्वार्ट्झचा हात धरून उभे आहेत.