दारं धरणारा गडी : केनियाचा व्हिक्टर वान्यामा

श्रोतेहो, शेताला पाणी देताना दारं धरणारा गडी तुमच्या ओळखीचा आहे. पाणी कोठे अडवायचे आणि कोणत्या वाफ्यात सोडायचे, हे त्याच्या फावड्यावर ठरते. पीक आले म्हणजे मात्र त्याचे नाव कोणी घेत नाही. फुटबॉलमध्ये असेच काम मधल्या फळीतला, बचावाच्या पुढे उभा राहणारा खेळाडू करतो. समोरच्यांचा चेंडू वाटेतच अडवायचा आणि लगेच आपल्या गड्याकडे वळवायचा, एवढेच त्याचे काम. पण ते चुकले की सारा संघ उघडा पडतो.

पूर्व आफ्रिकेतील केनिया देशाचा व्हिक्टर वान्यामा हा या कामातला जाणता खेळाडू. त्याचा जन्म १९९१ साली नैरोबी शहरात झाला. वडील फुटबॉलपटू, आणि थोरला भाऊ मॅकडोनाल्ड मारिगा हाही मधल्या फळीतलाच. २०१० साली मारिगा इंग्लंडच्या मँचेस्टर सिटी संघात जायचा होता. पण तेथे परदेशी खेळाडूला कामाचा परवाना देताना त्याच्या देशाच्या संघाचा जागतिक क्रम पाहत. केनियाचा क्रम खालचा! परवान्याची अडचण आली, बेत बारगळला आणि मारिगा इटलीतील इंटर मिलान संघात गेला. माणूस गुणी असला तरी त्याच्या देशाचा क्रम असा आडवा येतो, बरं का.

धाकट्याने लांबची वाट धरली. आधी बेल्जियम, मग २०११ साली स्कॉटलंडचा सेल्टिक संघ. ७ नोव्हेंबर २०१२ रोजी ग्लासगो येथे सेल्टिकची गाठ बलाढ्य बार्सिलोनाशी पडली. बहुतेक वेळ चेंडू बार्सिलोनाकडेच होता. तरी कोपऱ्यावरून आलेल्या चेंडूवर वान्यामाने डोक्याने पहिला गोल केला आणि सेल्टिकने सामना २–१ असा जिंकला. पुढल्याच वर्षी साउदॅम्प्टन संघाने त्याला सुमारे १ कोटी २५ लाख पौंड मोजून नेले. प्रीमियर लीगमध्ये खेळणारा तो पहिला केनियन ठरला. जे दार थोरल्यासाठी उघडले नाही, त्यातून धाकटा आत गेला.

२०१६ साली तो टॉटनहॅममध्ये आला आणि त्या मोसमात संघ दुसरा आला. पुढे गुडघ्याच्या दुखापतीने त्याला बरेच दिवस बाहेर बसवले. तरी २०१९ साली आफ्रिका चषकात केनियाचे नेतृत्व त्यानेच केले. तब्बल १५ वर्षांनी केनिया त्या स्पर्धेत उतरला होता. टांझानियाला ३–२ असे हरवले, पण पहिल्या फेरीपलीकडे मजल गेली नाही. २०२१ साली त्याने देशाच्या संघाचा निरोप घेतला.

गुरुजी, शाळेत पुढचा सामना होईल तेव्हा एवढे करून पाहा. गोलांची नोंद तर ठेवालच. शेजारी आणखी एक रकाना आखा आणि चेंडू कोणी किती वेळा अडवला, ते लिहून ठेवायला एका मुलाला सांगा. सामना संपल्यावर तीही नावे मुलांना मोठ्याने वाचून दाखवा.