कुणाचा फोन वाजावा

सकाळी ८.४५
ऐरोली. दुसरा शनिवार, बँका बंद. टपरीवरचा चहा १० रुपये. सोबतच्या इंजिनिअरने दोन सांगितले, एक माझ्यासाठी. डेटा सेंटरच्या गेटवर लॅपटॉपचा नंबर वहीत उतरवून घेतात, बॅग स्कॅनरमधून जाते. ती सांभाळते त्या क्लस्टरवर काही सहकारी बँकांचे व्यवहार चालतात. ३ नोड, म्हणजे सर्व्हर, इथे, नक्कल हैदराबादला. मुंबई तुंबली तरी खातेदाराचे पैसे निघाले पाहिजेत. आज अलर्ट लावायचे आहेत.

९.३०
स्क्रीनवर प्रोमिथियस या देखरेखीच्या सॉफ्टवेअरचे नियम. "एक नोड पडला तर उरलेले दोघं काम ओढतात. चॅटवर निरोप पुरे, सकाळी बघू. दोन पडले की बहुमत गेलं, नव्या नोंदी थांबल्या. मग थेट फोन, रात्रीचे ३ वाजलेले असोत." पहिला नियम ५ मिनिटं वाट पाहील, दुसरा एकच. हैदराबादची नक्कल मागे पडू लागली तरी फोन. ती जितकी मागे, तितके व्यवहार आपत्तीत हरवणार.

११.४५
एसएमएसच्या मजकुरात तिने एक शब्द बदलला. एसएमएस आलाच नाही. डीएलटी या एसएमएस-नोंदणीच्या व्यवस्थेत नोंदवलेल्या साच्याशी मजकूर जुळला नाही, की तो वाटेतच अडतो. एका एसएमएसला २० पैशांच्या आसपास. नवा साचा मंजूर होईपर्यंत जुनाच शब्द चालवायचा. तिने तो परत टाकला.

१.१५
कँटीनची थाळी ९० रुपये. ऑनकॉलच्या आठवड्याचे ४ हजार वेगळे मिळतात. "झोप मोडू दे," ती म्हणते, "पण उठून करण्यासारखं काही हवं. उगाच तीनदा उठवलं, तर चौथ्यांदा माणूस फोन उशीखाली सारतो."

२.३०
पाळीचा तक्ता. पहिल्याने ५ मिनिटांत घेतला नाही तर दुसऱ्याला, मग सरांना. ती एकेकाला फोन लावून बघते. सरांचा वाजतच नाही. चॅटवर विचारते, "सर, हा नंबर फोनच्या डीएनडीतून वगळलाय का?" सर वगळतात. "लाव आता." वाजतो.

४.०५
रॅकची खोली थंडगार. ती स्वेटर चढवते. तंत्रज्ञ ठेकेदाराकडचा, १२ तासांची शिफ्ट, महिना १९ हजार. समोर चाचणीचा क्लस्टर, खऱ्यासारखाच जोडलेला.
"दादा, तिसऱ्याची केबल काढा."
"काढली, मॅडम."
साडेपाच मिनिटांनी चॅटवर निरोप. मग दुसऱ्याची केबल. दोन मिनिटांच्या आत फोन वाजला. पहिल्याचीही काढली. आता डिस्क, सेवा, नेटवर्क सगळ्यांनी ओरडायला हवं. ओरड एकच येते: क्लस्टर बंद. मोठा अलर्ट वाजला की त्याच्या पोटातले गप्प, असं तिने सकाळीच लिहून ठेवलंय.

५.००
आता अलर्ट पाठवणारा सर्व्हरच तोडायचा. ऐरोलीच गेली, तर ओरडणार कोण? त्यासाठी एक अलर्ट कायम वाजता ठेवलाय. तो दर मिनिटाला हैदराबादला पोचतो. ५ मिनिटं आला नाही, की हैदराबाद फोन लावतं. प्रोमिथियसचा अलर्टमॅनेजर मुळात तोच अलर्ट ४ तासांनी पुन्हा पाठवतो. तिने तो आकडा १ मिनिटावर आणला. एका गटाच्या दोन निरोपांमधलं अंतर मुळात ५ मिनिटांचं, तेही १ केलं. ते राहिलं असतं तर पहिला बदल वाया गेला असता.
केबल काढली. ऐरोलीत शांतता. दादा घड्याळाकडे बघतात, मीही. सहाव्या मिनिटाला तिचा फोन वाजला. "हैदराबाद," ती म्हणाली आणि वेळ नोंदवली.

६.२०
केबली जागेवर. चाचणीसाठी गप्प केलेल्या अलर्टना ६ पर्यंतचीच मुदत होती. ते आपोआप जागे झालेत का, हे ती एकेक उघडून बघते. या आठवड्याचा ऑनकॉल नव्या मुलाकडे.
"फोन आला की आधी काय करशील?"
"रनबुक उघडेन."
"आधी फोन मिळाल्याची नोंद कर. नाहीतर ५ मिनिटांनी दुसऱ्यालाही उठवेल. मग रनबुक, काय करायचं ते त्यात लिहिलंय."
तो लिहून घेतो. ती त्याला एक खोटा अलर्ट पाठवते आणि नोंद करून दाखवायला सांगते.